साऱ्यांच्या भावंडांना बोलावलंस

दादा, तुझ्या फ्रिजच्या दारात अंडी ठेवायच्या खाचा आहेत. तुझ्या घरात अंडं कधी आलं नाही, त्यामुळे वहिनी त्यांत लिंबं ठेवते, आल्याचे तुकडे ठेवते. तू गेलास त्याच आठवड्यातली गोष्ट. भेटायला माणसं आली होती, मी चहासाठी दूध काढायला फ्रिज उघडला आणि लिंबांच्या मागे मला तुझे थेंब दिसले. एक बाटली फोडलेली, निम्मी संपलेली. तिच्यामागे दुसरी, कोरी.

ती बाटली मी ओळखणार नाही तर कोण ओळखणार? शाळेतून निवृत्त झाल्यापासून तुझ्याच हॉस्पिटलातल्या त्या छोट्या खोलीत बसून मी लोकांना फोनवर विचारत आलेय, "अम्मा, हरे ढक्कन वाली डाल रही हो ना? रोज़? छूटनी नहीं चाहिए." काचबिंदूचे थेंब, इकडे काला मोतिया म्हणतात त्याचे. डोळ्यातला दाब उतरवायचे आणि जन्मभर घालायचे.

मी वहिनीला विचारलं, "हे कोणाचे?"

"यांचे," ती म्हणाली. "डोळे कोरडे पडून राहिले म्हणत होते. एसीत बसून बसून." आणि माझ्या हातातून बाटली घेऊन तिने पुन्हा जागेवर ठेवली, तू रात्री येऊन मागशील अशा सवयीने. मी दूध घेऊन ओट्याकडे वळले. बाहेर माणसं बसली होती आणि चहा व्हायचा होता.

मी चिडलेय, दादा. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे तुला नवल वाटायला नको. परवा हॉस्पिटलात तुझी शोकसभा झाली. सगळे तुझ्याबद्दल चांगलं बोलले. देवमाणूस म्हणाले, तपस्वी म्हणाले. मग मला म्हणाले, "नंदा दीदी, आप भी दो शब्द." मी मान हलवली. त्यांना वाटलं, हिला हुंदका आवरत नाही. हुंदका कसला! तोंड उघडलं असतं तर भांडण बाहेर पडलं असतं, आणि हार घातलेल्या फोटोशी भांडणारी बहीण बघायला काही कोणी आलं नव्हतं. म्हणून ते इथे काढते. तुझ्याशी भांडायची मला लहानपणापासूनची सवय आहे, ती काही तेरवीबरोबर संपत नाही.

त्या सभेत तुझ्या संशोधनाबद्दल जे सांगितलं गेलं ते ऐकून तू वैतागला असतास. एक जण म्हणाला, तू ऑपरेशनची नवी पद्धत काढलीस. दुसरा म्हणाला, बाहेरच्या देशातलं औषध तू जबलपुरात पहिल्यांदा आणलंस. तू यातलं काहीही केलं नव्हतंस. एका अगदी साध्या प्रश्नापायी तू अर्धं आयुष्य घातलंस. काचबिंदू झालेल्या माणसाच्या भावा-बहिणींना डोळे दाखवायला आणायचं कसं? बस, एवढंच. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. नजर कडेकडून खात येतो आणि मधलं सगळं स्वच्छ दिसत असतं, म्हणून माणूस बेफिकीर. गेलेली नजर परत आणायचं औषध अजून कोणालाच सापडलेलं नाही, पण वेळेवर कळलं तर उरलेली टिकवता येते. आणि ज्याच्या भावंडाला हा आजार आहे त्याला तो असण्याचा धोका इतरांहून कितीतरी जास्त. म्हणजे दारं कोणाची ठोठावायची ते ठाऊक आहे. पण ज्याला सगळं दिसतं तो दवाखान्याची पायरी चढतो कशाला!

"इतकी वर्षं आम्ही सगळे डोकं फोडून राहिलो," तू एकदा चिडून म्हणाला होतास, "आणि पेशंटला देतो काय? थेंब. आहे तेवढं सांभाळा म्हणतो. मग निदान लवकर तर पोचू दे." तुझा तो राग मला आवडायचा. शाळेत मुलांची त्रैराशिकं तपासताना मलाही अगदी तसाच राग यायचा.

तू किती तऱ्हा करून पाहिल्यास. आधी पत्रं पाठवलीस, ती लोकांनी वाचली नाहीत. मग पेशंटलाच म्हणालास, घरी सांगा. ते घरी जाऊन विसरले, किंवा विसरल्याचं सोंग केलं. मग तुला राखी सुचली. श्रावणात जो पेशंट येईल त्याला तू म्हणायचास, "इस बार बहन राखी बाँधने आए तो दूसरे दिन यहाँ लेकर आना. मिठाई बाद में." आणि लोक आले रे! राखीच्या दुसऱ्या दिवशी तुझ्या ओपीडीत मनगटावर चमचमते गोंडे बांधलेले टकले, पोक्त भाऊ आणि नव्या साड्यांतल्या बहिणी यांची जत्रा असायची. रांझीच्या क्वार्टरमधले दोन भाऊ मला आठवतात, एका भिंतीवरून अबोला धरलेले. बहिणीने दोघांना एकाच ऑटोत बसवून आणलं. एकाला आजार निघाला, आणि ज्याला नाही निघाला तो बाहेर येऊन रडला. तू त्यांच्याकडे बघून नाक शिंकरत बसला होतास, सर्दीचं निमित्त करून.

उरलेल्यांना मग मी फोन करायचे. ते कामही तूच दिलंस. निवृत्त झाल्यावर मी घरात भांडी घासून घासून कावले होते, स्वतःशीच बडबडायला लागले होते. तू स्कूटरवर आलास आणि चहा पिता पिता म्हणालास, "नंदे, तुझा आवाज ऐकला की माणूस पाढे म्हणायला लागते. फोनवर बस. लोक घाबरून येतील." लोक घाबरून आले की नाही माहीत नाही, पण आले. कोणी म्हणायचा, "हमें तो सब दिखता है, बहनजी." मी म्हणायचे, "वही तो बात है भैया, सब दिखता है तब तक ही आना है." ती वर्षं माझी चांगली गेली. त्याबद्दल तुझे आभार मानायचे राहिले, ते आता मानते. पण राग कमी झाला असं समजू नकोस.

बडा फुहाऱ्याजवळच्या त्या कापडवाल्या शेटजीवरून मी तुला सोडणार नाही. त्याने स्वतःचा आजार धाकट्या भावापासून लपवला होता. भावाच्या मुलीचं लग्न ठरत होतं, आणि दुकानात बसणाऱ्याला दिसत नाही अशी बाजारात बोलवा झाली असती. मी फोन केला की तो कट करायचा. शेवटी तू त्याला समोर बसवलंस. मी दारात उभी होते. तू आवाज चढवला नाहीस, पण तुझी मान लाल झाली होती. "सगा भाई है आपका," तू म्हणालास. "उसकी आँख का फ़ैसला करने वाले आप कौन होते हैं?" शेटजी खाली बघत बसला आणि पुढच्या आठवड्यात भावाला घेऊन आला.

कौन होते हैं आप, दादा? आता हे मी तुला विचारते.

आपल्याकडे राखीपेक्षा भाऊबीज मोठी. दर वर्षी मी अधारतालला तुझ्याकडे यायचे, ओवाळायचे, अनारसे खायचे, आणि दुसऱ्या दिवशी तू मला हॉस्पिटलात न्यायचास. संशोधनात ज्यांच्या डोळ्यांत काही नाही अशीही माणसं तपासावी लागतात, तुलनेसाठी. तुझ्या त्या निरोग्यांच्या गटात मी होते. "घरात नॉर्मल म्हणावं असं कोणी तरी आहे," असं म्हणून तू मला पटेल भैया चालवतो त्या नजरेचा घेर मोजणाऱ्या मशीनसमोर बसवायचास. पांढऱ्या गोल वाडग्यात तोंड घालायचं, हनुवटी टेकवायची, एक डोळा झाकायचा, मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं आणि कडेला कुठे बारीक उजेड लुकलुकला की बटण दाबायचं. मी एकही चुकवायचे नाही. तू कागद हातात घेऊन म्हणायचास, "शंभरपैकी शंभर, बाई."

मग एका भाऊबिजेला तू म्हणालास, "चलो, आता तुला सुट्टी. नॉर्मल भरपूर झाले आमच्याकडे." मला जरा लागलं होतं. इतकी वर्षं हौसेने बसवलं आणि आता गरज संपली, असं वाटलं. मी तसं बोलूनही दाखवलं. तू हसलास आणि अनारशाची ताटली पुढे केलीस. त्यानंतर तीन-चार दिवाळ्या गेल्या.

त्याच सुमाराला तू स्कूटर विकलीस. म्हणालास, रहदारी फार वाढली. डाव्या हाताला ठेवलेला चहाचा कप तू हाताने पाडलास, तेही एकदा नाही. फाटकाच्या खांबाला तुझा खांदा घासायचा आणि तू खांबालाच शिव्या द्यायचास. मी म्हणाले, "दादा, डोळे दाखव कोणाला तरी." तू म्हणालास, "मी काहून दाखवू? मी दुसऱ्याचे पाहून राहिलो ना?" वहिनी हसली, मीही हसले. डोळ्यांच्या डॉक्टरला डोळे दाखव म्हणणं तेव्हा विनोदी वाटलं होतं.

आणि ते मशीनचं भांडण, त्या सुट्टीच्या थोडं आधीचं. ते अर्धवट राहिलं, म्हणून ते मला सगळ्यात जास्त डाचतं. रोज सकाळी पेशंट यायच्या आधी तू स्वतः मशीनवर बसायचास. नेहासारख्या नव्या डॉक्टरांना तू शिकवायचास की मशीनवर भरवसा ठेवायच्या आधी ज्याचा डोळा चांगला आहे असा माणूस बसवून बघा. तो चांगला डोळा म्हणजे तुझा. तो चांगला आहे हे ठरवलं कोणी? तूच. पुढे मशीन तुझ्या डाव्या डोळ्याला कोपऱ्यात काळं दाखवायला लागलं, तर तू नागपूरहून इंजिनियर बोलावलास. तो म्हणाला, मशीन ठीक आहे. तू दुसरा बोलावलास. तोही तेच म्हणाला. रविवारी जेवताना तू कढी भुरकत त्यांच्या नावाने बोटं मोडत होतास, "कालची पोरं पाठवून राहिले कंपनीवाले. स्क्रू धरता येत नाही."

मी म्हणाले, "दादा, पटेल भैया बसला की मशीन बरोबर सांगते. नेहा बसली की बरोबर सांगते. तू बसला की बिघडते? असं कसं मशीन?"

"तू गणित शिकव, नंदे."

"मी गणितच सांगून राहिले."

तू ताट तसंच टाकून उठलास. कढी तुझ्या आवडीची होती. वहिनीने माझ्याकडे डोळे वटारून बघितलं, आणि त्यानंतर मशीनचा विषय त्या घरात निघाला नाही. निघायला हवा होता. तुझ्यासारखा माणूस, ज्याने सगळ्या गावाला सांगितलं की दिसतंय म्हणून निश्चिंत राहू नका, तो स्वतः मात्र मशीन बिघडलं असं धरून बसतो! एखाद्या शिकाऊ डॉक्टरने अशी चूक केली असती तर तू त्याला दिवसभर फैलावर घेतलं असतंस.

तेरवीच्या आदल्या दिवशी डॉक्टर नेहा आली. तुझी शिष्या, तुझ्यामागे आता तुझं काम बघणारी. मी तिला स्वयंपाकघरात नेलं, फ्रिज उघडला आणि बाटली दाखवली. तिने बघितलं आणि खाली मान घातली. मला उत्तर मिळालं.

"सर को शक हो गया था, दीदी," ती म्हणाली. "एक दिन ओपीडी के बाद बोले, देख ले ज़रा. मैंने आँख की नस देखी. दोनों आँख में था. बायीं में ज़्यादा." मग तुझ्या शब्दाला बांधली गेलेली ती मुलगी रडायलाच लागली. "मुझसे कसम ली थी. बोले, रिपोर्ट चली जाए, फिर दीदी को मैं खुद बताऊँगा. रेवा बिटिया को भी."

रिपोर्ट, तुझ्या त्या संशोधनाचा! नेहा म्हणाली, त्या निरोग्यांच्या गटात तुझे आणि माझे दोघांचेही डोळे आहेत. तुझं सांगितलं असतंस तर तुझा डोळा तिथून काढावा लागला असता, आणि तुझी बहीण म्हणून माझाही. सगळे हिशेब पुन्हा करावे लागले असते. आता ते करावेच लागणार आहेत. नेहा करते आहे, आणि आकडेमोडीला मी बसणार आहे. म्हणजे तू लपवून वाचवलंस काय? काही नाही. तू गेलास तो हृदयाने, सकाळी जोडे घालता घालता, डोळ्यांचा त्यात काही संबंध नव्हता. रिपोर्ट अजून टेबलावरच आहे.

नेहा जाता जाता म्हणाली, "आप कल ही दिखा लीजिए. और रेवा को भी."

मी दोन दिवस यावर विचार केला आणि मला वाटतं, रिपोर्टचं तू नेहाला सांगितलंस ते निमित्त होतं. एका गटातून दोन माणसं काढल्याने कोणाचं संशोधन बुडत नाही, हे तुला माझ्याहून चांगलं कळत होतं. तू मला बसवणं बंद केलंस ते स्वतःचं कळल्यावर. मला बसवलं असतंस आणि माझाही कागद काळा निघाला असता तर? तो कागद हातात धरून उभं राहायची तुझी हिंमत झाली नाही. लोकांच्या बहिणींचे कागद तू कितीतरी वाचलेस. माझा तुझ्याच्याने वाचवला नसता. हे कळतं मला. लहानपणी क्वार्टरच्या अंगणात माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं, तेव्हा तू काडेपेटीच्या काडीवर पापणी उलटवून ते काढलं होतंस आणि मी गप झाल्यावर स्वतःच भोकाड पसरलं होतंस. तू तसाच राहिलास. पण मला हे कळतं म्हणून मी तुला माफ करावं, असं होत नाही. माझे डोळे माझे होते. तुझ्या भित्रेपणात ते कशाला ओढलेस?

तेरवी झाली, माणसं पांगली, आणि मी वहिनीला सगळं सांगितलं. ती पाट आवरत होती. तिने माझं ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "नंदाताई, आता ते काढू नका."

"काहून?"

"माणूस गेला. डोळ्याचा डॉक्टर आणि त्यालाच काला मोतिया, लोक हसतील. आणि रेवाचं ठरत आलंय. ते लोक म्हणतील, घराण्यात आंधळेपण आहे. लग्न होऊन जाऊ द्या. मग सांगू."

मला तो बडा फुहाऱ्याचा शेटजी आठवला आणि माझ्या तोंडाशी तुझं ते वाक्य आलं, पण मी गिळलं. वहिनीचे डोळे सुजले होते, हातात ओले पाट होते. तिच्यावर कसं ओरडायचं? हे ओझं तू तिच्याही नकळत तिच्या डोक्यावर ठेवून गेलास. मी एवढंच म्हणाले, "आधी मी माझे दाखवून येते."

दुसऱ्या दिवशी मी हॉस्पिटलात गेले, पण माझ्या फोनच्या खोलीत गेले नाही. खिडकीवर रांगेत उभी राहिले. नवी मुलगी होती, मला ओळखत नव्हती. नाव, वय विचारून झालं आणि मग तिने मान वर न करता विचारलं, "घर में किसी को काला मोतिया?"

हा प्रश्न तूच तिथे घातला होतास. मी म्हणाले, "हाँ. मेरे बड़े भाई को था."

"इलाज कहाँ चला?"

"यहीं," मी म्हणाले. ती पुढचं लिहायला लागली.

पटेल भैयाने मला बघितलं आणि तो खुर्चीवरून उठून उभा राहिला. मी त्याला बस म्हणाले. त्याने माझी हनुवटी टेकवली, डोळा झाकला. मी मधल्या ठिपक्याकडे बघत बसले आणि बटण दाबत राहिले. उजवा झाला. डाव्याला मधेच बराच वेळ काही लुकलुकलंच नाही. मला वाटलं मशीन अडकलं. खोटं कशाला सांगू, मलाही तेच वाटलं, दादा, की मशीन अडकलं. मग कोपऱ्यात पटेल भैयाची खुर्ची कुरकुरली, मी चुकवतेय हे बघून तो चुळबुळत होता, आणि मला कळलं की मशीन चालू आहे.

नेहाने डोळ्यात औषध घालून नस बघितली, वेळ घेऊन बघितली. डाव्या डोळ्यात सुरुवात आहे. उजवा अजून चांगला. "दीदी, अच्छा हुआ जल्दी आ गईं," ती म्हणाली. जल्दी! मी तिच्यावर खेकसले. त्या भाऊबिजेला तू मला सुट्टी दिली नसतीस, तर डाव्या डोळ्याचा तो कोपरा कदाचित आज माझ्याकडे असता. कदाचित नसताही. नेहा म्हणाली, नक्की कोणीच सांगू शकत नाही. हे मला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं तू मला देऊन गेलास. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. कोणासाठी रडले ते विचारू नकोस. थोडं तुझ्यासाठीही होतं.

डोळ्यांत औषध घातलेलं, म्हणून उजेड सोसेना. पदर कपाळावर ओढून ऑटोने सरळ अधारतालला आले. रेवा तिच्या खोलीत बॅग भरत होती. दुसऱ्या दिवशी ती बंगलोरला परत जाणार होती. तुझी लेक, दादा. चालताना अगदी तुझ्यासारखा डावा खांदा पुढे काढते. वहिनी तिच्यासाठी लाडू डब्यात भरत होती. मला दारात बघून वहिनीने हळूच मान हलवली. नका म्हणून.

मी पलंगावर बसले आणि म्हणाले, "रेवा, तुझ्या बाबाला काचबिंदू होता. मला पण निघाला. उद्याचं तिकीट रद्द कर, तू माझ्यासोबत नेहाकडे चल."

रेवाच्या हातात घडी केलेला कुर्ता होता. तो तिने पुन्हा उलगडला. मराठी तिला सगळी समजते, पण तोंडात हिंदी येते. "आत्या, बाबाने मुझे क्यों नहीं बताया?"

"मला नाही माहीत."

ती वहिनीकडे वळली. "आई, तुझे पता था?"

"मला तर कोरडे डोळे म्हणाले होते," वहिनी म्हणाली, आणि डबा तसाच मांडीवर धरून खाली बसली. "मीच रोज रात्री थेंब घालून देत होते. माझ्या हातून घालून घेतले आणि मला कोरडे म्हणाले." तू गेल्यापासून ती सगळ्यांसमोर रीतीने रडली होती. त्या दुपारी ती चिडून रडली, हुंदक्यांबरोबर तुला नावं ठेवत. रेवा तिच्याजवळ जाऊन बसली. बऱ्याच वेळाने वहिनीने नाक पुसलं आणि मला म्हणाली, "किती वाजता जायचं उद्या? मी पण येते. आणि त्या मुलाला सांगून टाक गं रेवा. हसतील तर हसतील."

रेवाने आधी त्या मुलाला फोन लावला, मग तिकीट रद्द केलं. तो काय म्हणाला ते मला ठाऊक नाही. ती बाल्कनीत उभी राहून बोलत होती आणि मी आत लाडू डब्यात भरत होते.

सांगायला किती वेळ लागला सांगू? बॅगेची चेन लागते तेवढाही नाही. दादा, रांझीच्या भांडलेल्या भावांना तू एका बाकावर बसवलंस. शेटजीला वाकवलंस. ज्यांनी आमचे फोन कापले त्यांना पुन्हा पुन्हा बोलावलंस, माझ्याच आवाजात बोलावलंस. भावंडं काय केलं म्हणजे येतात हे शोधण्यात तू इतकी वर्षं घालवलीस. मला काही करावं लागणार नव्हतं रे. राखी नको, मिठाई नको, भीती नको. एकदा नुसतं म्हणायचं होतंस, नंदे, ये. मी आले असते.